बाजूच्या वेदीवरची मिस्सा

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

संत जोसेफच्या वेदीवरच्या माझ्या फुलदाण्या कुणीतरी काढून खाली फरशीवर ठेवल्या! न विचारता. माइकचं स्टँड, नाताळच्या गोठ्याचं खोकं, जादा खुर्च्या — सगळं हलवलेलं. वेदी धुऊन पुसून लख्ख. वर पांढरं कापड. मीच इस्त्री केलेलं.

चर्चमधली कापडं धुणं आणि फुलं बघणं, निवृत्त झाल्यापासून हेच माझं काम. मग मला एका शब्दानं सांगायला नको?

फादर मेल्विनना विचारलं. आमच्या चर्चचे मुख्य तेच, तरुण आहेत. म्हणाले, गेल्या आठवड्यात चर्चमागच्या फादरांच्या बंगल्यावर राहायला आलेले म्हातारे फादर सिप्रियान रोज सकाळी तिथं मिस्सा — भाकर आणि वाईन अर्पण करायची उपासना — करणार. एकटेच. खासगी.

एकटे कशाला? साडेसहाची मिस्सा असतेच की. मेल्विनच्या शेजारी उभं राहावं, दोघांनी मिळून करावी. आता सगळे फादर तसंच करतात. बाजूच्या वेद्या माझ्या आजीच्या काळातल्या. तेव्हा म्हणे एकाच वेळी दोन-तीन फादर दोन-तीन भिंतींकडे तोंड करून पुटपुटत असायचे. त्या वेद्या आता नुसत्या शोभेला. आमच्याकडे तर सामान ठेवायला.

उत्तर देताना मेल्विन माझ्याकडे बघत नव्हते. महापालिकेच्या घरफाळा विभागात माझा जन्म गेला. वरचा मजला लपवणारा घरमालक अगदी असाच बोलतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज मुद्दाम लवकर गेले. मोठं दार आतून कडी लावलेलं! मागच्या सॅक्रिस्टीतून आत शिरले — झगे, कप, कापडं ठेवायची ती खोली, तिची किल्ली माझ्याकडे असते.

फादर सिप्रियान भिंतीकडे तोंड करून उभे. पाठ सगळ्या चर्चकडे. समोर दोन मेणबत्त्या. ओठ हलतात, आवाज जेमतेम. मराठी नाही. लॅटिन! ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हणून वळले — प्रभू तुम्हांबरोबर असो — आणि समोर कोण? रिकामे बाक. मी दाराआड होते, मला पाहिलं नसावं.

कडी कशासाठी? देवाचं काम करायला कडी लागते?

१९ ऑक्टोबर, शनिवार

मोबाइलवर वाचत बसले. जुन्या पद्धतीच्या लॅटिन मिस्सेला आता बिशपांची परवानगी लागते. काही हट्टी फादर तरीही चोरून करतात म्हणे, नवं काही मानतच नाहीत.

म्हणजे हे त्यातले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

चर्च झाडायला उचगावहून धोंडुबाई येते. आज मी कापडं भिजत घालत होते तर जवळ येऊन बसली. “बाई, त्या म्हाताऱ्या फादरचं काय खरं न्हाय बघा. वाईनची बाटली अशी खाली व्हाया लागल्या, मी तर एवढ्या वर्षांत बघितली न्हाय.”

मी तिला गप्प केलं. पण कापडं माझ्या हातात होती. कप पुसायची छोटी कापडं. एका मिस्सेला एक पुरतं. त्यांच्या वेदीवरून रोज दोन येतात, कधी तीन. सगळ्यांवर वाईनचे डाग.

जीभ आवरली. डोळे कसे आवरू?

२७ ऑक्टोबर, रविवार

रविवारच्या मिस्सेला फादर सिप्रियान शेवटच्या बाकावर बसले, साध्या सदऱ्यात. एवढा ज्येष्ठ माणूस, वेदीवर पाय ठेवत नाही! आमची मराठी मिस्सा यांना कमी वाटते की काय.

बाहेर भेटले. मला म्हणाले, “बाय, तू कुणाकडची?” सांगितलं, आजऱ्याची, बारदेसकरांची ब्रिजिता. खूश झाले, मीही आजऱ्याचाच म्हणाले. थोड्या वेळानं चहाचा कप हातात घेऊन परत आले. बाय, तू कुणाकडची? मोठी माणसं समोरच्याला किंमत द्यायची नसली की अशी विसरतात.

कुणीतरी त्यांना म्हणालं, फादर, नव्या गाडीवर आशीर्वादाची प्रार्थना म्हणा. मेल्विन धावत आले आणि स्वतःच म्हणून टाकली. धावत! काय झाकतायत हे दोघं?

२ नोव्हेंबर, शनिवार

मृतांचा दिवस. कबरस्तानात गेलो. मम्मी-पप्पांच्या कबरी आजऱ्याला, म्हणून इथं सासू-सासऱ्यांना फुलं वाहिली. शेजारच्या गल्लीतून फटाके.

आजच्या दिवशी फादर लोकांना एकाहून जास्त मिस्सा करता येतात. म्हणून आजच्या कापडांबद्दल काही लिहीत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळं बघितलं.

पहाटे सॅक्रिस्टीतून शिरून कन्फेशनच्या लाकडी खोक्यामागे बसले. गुडघे दुखले, पण हलले नाही. त्यांनी मिस्सा केली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. ‘इते, मिस्सा एस्त.’ जा, संपली. कप पुसला, झाकला. आता झगा उतरवतील म्हणून मी उठणार, तर पायरीखाली उतरले, हात जोडले आणि — ‘इंत्रोइबो आद अल्तारे देई’. मी देवाच्या वेदीकडे जाईन. पुन्हा पहिल्यापासून! पुन्हा वाईन ओतली, पुन्हा प्यायले.

साध्या दिवशी एका फादरनं लोकांची गरज नसताना दोनदा मिस्सा करायची नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे, त्यांना नसेल? वाईनसाठी वेदीचा असा उपयोग! 

६ नोव्हेंबर, बुधवार

जुझेंना सांगितलं. नवऱ्याला नाही तर कुणाला सांगणार. ते पेपर वाचत होते. म्हणाले, “तू अजून घरफाळ्यातच आहेस. म्हाताऱ्याला जाऊन सरळ विचार की.”

विचारल्यावर कुणी खरं सांगतं का?

१० नोव्हेंबर, रविवार

डीन फादर आले होते. आमच्या भागातल्या सगळ्या चर्चवर त्यांची देखरेख. चहाच्या वेळी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. लॅटिन, कडी, वाईन, दोनदा. काही वाढवून सांगितलं नाही. गरजच नव्हती.

त्यांचा चेहरा बदलला. मेल्विनना घेऊन आत गेले, बराच वेळ दार बंद.

बरं वाटलं. खरं ते लिहिते — फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

खासगी मिस्सा बंद. बिशपसाहेब सांगेपर्यंत फादर सिप्रियान यांनी एकट्यानं वेदीवर जायचं नाही, असं डीननी फोनवर कळवलं. सॅक्रिस्टीचं कुलूप बदललं. नवी किल्ली मेल्विननी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कसं लिहू कळत नाही. क्रमानं लिहिते.

सकाळी फुलं घेऊन गेले. थंडी चांगलीच होती. सॅक्रिस्टीच्या बाहेरच्या पायरीवर फादर सिप्रियान बसलेले. पांढरा लांब झगा, त्याची बटणं एकाआड एक चुकलेली. पायांत काही नाही. दाराच्या कडीला हात लावून बसले होते.

“बाय, दार उघडत नाही. माझी मिस्सा व्हायची आहे.”

मी म्हटलं, फादर, बंद आहे, डीननी सांगितलंय. ते ऐकून घेतलं. मान हलवली. मग तोच चेहरा माझ्याकडे वळवून म्हणाले, “बाय, दार उघडत नाही. माझी मिस्सा व्हायची आहे.”

तेच शब्द. त्याच सुरात. जणू मी आत्ताच आले होते.

माझ्या हातातली फुलं मी कुठं ठेवली आठवत नाही. त्यांना धरून बंगल्यावर नेलं, पायांवर शाल टाकली. मेल्विन स्वयंपाकघरात होते. मी विचारलं, यांना काय झालंय? ते गॅस बंद करून माझ्यासमोर बसले.

“मराठीतली मिस्सा त्यांना आता येत नाही, आंटी. मागच्या गावी भरल्या चर्चमध्ये मध्येच थांबले. पुस्तक समोर होतं, पण आपण कुठल्या ओळीवर आहोत ते सापडेना. पोरं हसली. त्या दिवसापासून लोकांसमोर उभे राहिले नाहीत.”

“आणि लॅटिन?”

“ते लहानपणी आजऱ्याच्या चर्चमध्ये पाठ केलेलं. तेवढं अजून जागेवर आहे. डॉक्टर म्हणतात, तेही जाईल. बिशपसाहेबांना सगळं माहीत आहे, परवानगी त्यांचीच. कुणाला सांगायचं नाही, एवढं एकच फादरनी मागितलं होतं. डीननाही नाही. म्हणून मी कडी लावायला सांगितली.”

मी दोनदाचं विचारलं. ते त्यांनाही माहीत नव्हतं, डीनकडूनच पहिल्यांदा ऐकलं. विचारायचं काही उरलंच नव्हतं. कप पुसून होईपर्यंत, मिस्सा झाली हे त्यांच्या डोक्यातून गेलेलं असायचं. आपली मिस्सा राहिली या भीतीनं परत पायरीखाली उतरायचे. रोज. आणि मी खोक्यामागे बसून वाईन मोजत होते.

“तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं, आंटी,” मेल्विन म्हणाले. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जेवले नाही. जुझेंनी ताट झाकून ठेवलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज डीनना फोन केला. सांगितलं — मी जे पाहिलं ते खरं, पण मी जे समजले ते खोटं. त्यांना एव्हाना बिशपसाहेबांकडून कळलं होतं. म्हणाले, तरी एकट्यानं नको, वय झालंय, मेणबत्त्या असतात, पुन्हा पुन्हा करत बसतील. सोबत कुणीतरी पाहिजे, शेवट झाला की थांबवणारं.

मी येईन म्हणाले. विचार न करता.

बिशपसाहेबांना विचारून सांगतो म्हणाले. त्यांनाही संशय आला असेल माझा. येऊ दे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बिशपसाहेबांचा होकार. सोमवारपासून.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आजचा तिसरा दिवस. मी वेदीच्या पायरीशी गुडघे टेकते. गुडघ्यांखाली जुझेंनी उशी दिली आहे. फादर मला रोज विचारतात, बाय, तू कुणाकडची? मी रोज सांगते. ते रोज खूश होतात, मीही आजऱ्याचा म्हणतात. आजऱ्याच्या चर्चमधल्या घंटेचा दोर कसा जाड होता ते सांगतात. मला तो दोर आठवत नाही, पण हो म्हणते.

जवळून पाहिलं तर ते पुटपुटत नाहीत. प्रत्येक शब्द नीट, हळू, कुणाला तरी हातात द्यावा तसा. आपल्याला ऐकू येत नाही कारण तो आपल्यासाठी नसतो. कप धरणारी त्यांची बोटंही काही विसरलेली नाहीत.

शेवटी कप झाकला आणि परत पायरीखाली उतरले. मी उठले. “झाली, फादर.”

“नक्की?”

“नक्की. मी इथंच होते.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी असते तर विश्वास ठेवला नसता. त्यांनी ठेवला.

४ डिसेंबर, बुधवार

धोंडुबाई आज म्हणाली, बाई, आता तुमी बी त्या फादरच्या पार्टीत व्हय? मी म्हटलं, व्हय. तिला हसू आलं. त्यांची तब्येत बरी नसते एवढंच सांगितलं, पुढचं नाही. ती तिथंच केरसुणी धरून उभी राहिली. मग म्हणाली, माझा सासरा बी असाच आपल्याच घरचा पत्ता इचारत फिरायचा.

मी काही न सांगता तिला कळलं. मला का नाही कळलं?

९ डिसेंबर, सोमवार

आज एका प्रार्थनेत अडखळले. तीच ओळ दोन-तीनदा म्हटली, मग वाट सापडली. मेल्विनना सांगितलं. ते म्हणाले, चालू दे, आंटी. जेवढं आहे तेवढं चालू दे. पण मिस्सा अर्धी सुटली तर मला हाक मारा, नियमाप्रमाणे ती दुसऱ्या कुणीतरी पुरी करायला हवी असेल.

नियम मला पाठ आहेत. मुख्य शब्दांनी भाकर-वाईन ख्रिस्ताचं शरीर-रक्त झाल्यावर सुटली, तरच ती पुरी करावी लागते.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज मध्येच थांबले. मुख्य शब्द व्हायचे होते, भाकर अजून नुसती भाकर होती, कपात अजून नुसती वाईन. दोन्ही हात वेदीवर टेकवून उभे. बराच वेळ. त्यांना पुढचा शब्द सुचायची मी वाट बघत राहिले. नाही आला. मग वळले. डोळ्यांत एवढी भीती मी कुणाच्याच पाहिलेली नाही.

“बाय, झाली का मिस्सा?”

“झाली, फादर.”

सुटकेचा श्वास सोडला आणि झगा उतरवायला माझ्यापुढे हात केले, लहान मुलासारखे. मेल्विनना मी हाक मारली नाही.