बुटांशिवाय फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्स, १२ मे २००४

प्रिय शालन,

कविता शिकवताना आमच्या गुरुजींच्या वहाणा करकर ताल धरायच्या. तो आवाज आज फार आठवला, कारण माझ्या पायांत काहीच नव्हतं! चर्चमध्ये शिरताना सवयीने बूट बाहेर काढले; परत आलो तर गायब. हरवू नये म्हणून हॉटेलचं, खोलीचा नंबर लिहिलेलं कार्डही त्यातच खोचलेलं.

हिंजवडीच्या कंपनीतून मुश्किलीने रजा काढून आपल्या उत्कर्षाने मला आणलं. ‘बाबांना उगाच आणलं’ असं तिला वाटेल, हीच धास्ती होती. तर तिने स्वतःचेही बूट काढून हातात घेतले. "चला बाबा, शाळेतली कविता म्हणा. चटके कमी बसतील." हॉटेलपर्यंत दोघं मोठ्याने म्हणत आलो. जीव भांड्यात पडला बघ.

तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या घेतेस ना?

थांब, दार वाजलं.

अगं, चर्चबाहेर झाडणारी म्हातारी! कुणी टाकून दिलेत समजून तिने माझे बूट उचलले होते, असं तिच्या खुणांवरून कळलं. आतलं कार्ड बघून इथवर आली, तेही बूट पुसून. "या, या," मी मराठीतच म्हणालो. दाराशी उत्कर्षाचे बूट दिसले, तशी म्हातारीनेही आपले काढले आणि मगच आत आली.

तुझा,
रावसाहेब