सौंदडच्या मिलचं मागचं दार

१८ नोव्हेंबर, सौंदड

पोचले एकदाची! नागपूरहून निघताना आई म्हणाली, समीक्षा, बंद पडलेल्या कारखान्यांचे फोटो काढण्यात कुणी रजा घालवतं का? मी घालवते. या खेपेला गोंदिया जिल्ह्यातल्या राईस मिल, तेही काळ्यापांढऱ्या फिल्मवर. गाडीतून उतरताना ट्रायपॉड एका काकांच्या धोतरात अडकला. त्यांनीच हसत हसत सोडवला. धानकापणी चालू आहे, सगळ्या गावाला ताज्या तणसाचा वास येतोय.

खोली ओमेश्वरीबाई पटले यांच्या घरी मिळाली. साठीच्या आहेत, एकट्याच राहतात. फिल्मचे रोल फ्रिजमध्ये ठेवू का विचारलं, तर त्यांना वाटलं मला शुगर आहे आणि ते इन्सुलिन आहे. मग चहा बिनसाखरेचा आला! जेवताना कळलं की त्यांचे यजमान खुमेंद्रभाऊ इथल्याच मिलमध्ये बॉयलरवर होते. पुढचं विचारलं, तर त्या भाजी वाढायला उठल्या.

१९ नोव्हेंबर

मिल पाहिली आणि खूश झाले. मालक गोंदियात असतात, किल्ली राखणदार शिवलालभाऊंकडे. त्यांनी कुलूप काढून दिलं, पण स्वतः उंबरठा ओलांडला नाही. म्हणाले, "एकट्या कायले जाता बाई? काम झालं का बाहेर निघा."

आत धान उकडायचे लोखंडी हौद, वर लोंबणारे पट्टे, कोपऱ्यात वर्षानुवर्षांचा कोंडा. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे कुणाचा त्रास नाही. बॉयलरच्या खोलीला मागच्या बाजूला एक बुटकं हिरवं दार आहे. ते उघडल्यावर फरशीवर असा काही उजेड पडला की मी अख्खा रोल तिथेच संपवला. त्याच उंबऱ्यावर बसून डबा खाल्ला. समोर कापलेलं रान, बगळे.

२० नोव्हेंबर

सकाळी न्हाणीघरात रोल केमिकलमध्ये धुतला आणि ओमेश्वरीबाईंच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. निगेटिव्ह छान आल्यात. फक्त एक गोष्ट कळत नाही. बॉयलरच्या खोलीच्या प्रत्येक फोटोत मागच्या दाराच्या जागी भिंत आहे. पोपडे आलेली, चुन्याची, जुनी भिंत. आणि तरी फरशीवर दारातून आलेला उजेड पडलेला आहे.

ओमेश्वरीबाईंना दाखवलं. त्यांनी पट्टी उजेडासमोर धरली आणि एकेक फोटो शेवटपर्यंत पाहिला. मग सांगितलं. मिल बंद झाली त्या दिवशी खुमेंद्रभाऊ विसरलेला डबा आणायला परत आत गेले. बाहेर आलेच नाहीत. पोलिसांनी सगळी मिल पालथी घातली. लोक म्हणाले, रायपूरला पळाला. पण त्याआधी कित्येक दिवस ते घरी येऊन म्हणायचे, मिलची दारं कमी होऊन राहिली.

"थो कुठं गेला नाही बाई," त्या म्हणाल्या. "थो अंदरच आहे."

२१ नोव्हेंबर

दार नाही. मी आतून पाहिलं, बाहेरून फिरून पाहिलं. मी जिथे बसून जेवले तिथे सलग भिंत आहे आणि तिच्यावर वेल चढलेत. शिवलालभाऊ म्हणतात, तिथं दार कधीच नव्हतं. पण माझ्याकडे न बघता म्हणतात.

उद्याच्या गाडीने परत जायचं ठरवलं होतं. ओमेश्वरीबाईंनी माझे हात धरले. तुझ्या कॅमेऱ्याला दिसतं, एकदा माझ्यासाठी जा म्हणाल्या. पुन्हा कुलूप काढायला शिवलालभाऊंनाही त्यांनीच रडून तयार केलं. पुढच्या दारात त्या स्वतः उभ्या राहणार आहेत. "मी दार धरून राहीन. सोडणार नाही."

नाही म्हणवलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तो फोटो हवा आहे.

२२ नोव्हेंबर

आत आहे. लिहिते आहे. लिहिलं नाही तर ओरडेन.

ओमेश्वरीबाई दोन्ही हातांनी दार धरून उभ्या होत्या. मी त्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला. बटण दाबलं आणि भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. मग एक पुरुषाचा आवाज, कामाने दमलेला, अगदी साधा:

"कोन आहे? भोंगा झाला का?"

 पुढच्या दारात ओमेश्वरीबाईंनी तो ऐकला. "अजी!" म्हणून धावत आल्या त्या, माझ्या अंगावरून थेट भिंतीपाशी. मी मागे वळले.

पुढचं दार नव्हतं.

२२ — दुपार असावी

फोन लागत नाही. शिवलालभाऊ बाहेरून ओरडतायत, पहार मारतायत. आधी वाटलं आता पडेल भिंत. पण घाव दूर दूर जातायत. ते तिथेच आहेत. भिंत जाड होते आहे.

मी ओमेश्वरीबाईंना विचारलं, दार का सोडलंत? भिंतीला गाल लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, त्याचा आवाज आला ना. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. त्या पलीकडच्या खुमेंद्रभाऊंना घरचं सांगतायत — म्हातारी गाय गेली, विहिरीला पाणी आहे, केस पांढरे झाले माझे, ओळखाल ना?

२३ — बहुतेक

डोळा लागला होता. ओमेश्वरीबाई नाहीत.

पलीकडे आता दोन आवाज आहेत. दोघं हसतायत.

खिडक्यांची रांग होती वर. एकच झरोका राहिला. हौद भिंतीपासून लांब होते, आता मधून जाता येत नाही —

पहार ऐकू येत नाही.

नंतर

हौदाला पाठ लावून बसलेय. समोरची भिंत गुडघ्यांना लागते. मी हलले नाही. भिंतच —

ओमेश्वरीबाई हाक मारतायत. लेकीला मारावी तशी. समीक्षा, इकडं ये. इकडं दारंच दारं आहेत बाई, इकडं वारा येऊन राहिला. फक्त हात ठेव भिंतीवर.

ठेवणार नाही.

झरोका तळहाताएवढा. अक्षर दिसत नाही नीट. आई —

वारा खरंच येतोय. कापलेल्या धानाचा वास. भिंत गरम आहे, अंगासारखी, आणि मऊ — मी ठेवणार नाही, नुसतं बोटाने बघते, एकाच बो