करंजघाटचा इतिहास, हवामान आणि धुण्याचा दगड

करंजघाट, ता. सुरगाणा
१४ ऑक्टोबर १९९७

ती. सावळीरामभाऊ यांना धाकटा साडू भिमाजी याचा इथूनच वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष येऊन केला असता, पण त्यासाठी घाट उतरावा लागतो.) तुमचे गुडघे, आशाताईंचं पित्त आणि इंदिरानगरातलं नळाचं पाणी ही तिन्ही ठीक चालली आहेत असं धरतो. मी टेलिफोन खात्यात नोकरीला असून तुम्हाला पत्र लिहितोय, यावरून आमच्या लाईनची प्रकृती तुम्ही ओळखलीच असेल.

दिवाळीत सहकुटुंब इकडे यायचं तुमच्या मनात आहे, तेव्हा गावचा इतिहास, हवामान आणि प्रेक्षणीय स्थळं यांची माहिती कळव, असं तुम्ही लिहिलंत. तुमची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे माहिती अर्धवट दिलेली तुम्हाला खपायची नाही. म्हणून सगळं लिहितो. वाचून झालं की येऊ नका.

हवामान असं, की जूनमध्ये ढग उतरतात ते दारातून आत येतात आणि पाहुण्यासारखे दसऱ्यापर्यंत राहतात. त्या काळात आम्ही उशा चुलीजवळ वाळवतो. कपाटातल्या माझ्या काळ्या बुटांना हिरवी मिशी फुटली होती. ढग गेले की लगेच थंडी येते. मधे एक आठवडा बरा असतो, पण त्यात साप निघतात. (नवसाबाई, म्हणजे आमच्या घरमालकीण, म्हणतात की त्यांतले बहुतेक बिनविषारी असतात. ‘बहुतेक’ हा शब्द मला रात्रभर पुरतो.)

प्रेक्षणीय स्थळांत पहिला आमचा घाट. तो दत्तूच्या काळ्या-पिवळ्या जीपमधून पाहावा लागतो. दत्तूच्या उजव्या हातालाही एक पॅसेंजर बसतो, त्यामुळे गाडी नक्की कोण चालवतंय हे खाली पोचेपर्यंत कळत नाही. उताराला तो इंजिन बंद करतो, डिझेल वाचतं म्हणे. गेल्या खेपेस उजव्या हाताचा पॅसेंजर मी होतो. वाटेत त्याला तंबाखू मळायची होती म्हणून त्याने मला जरा स्टिअरिंग धरायला सांगितलं. ते वळण मी धरलं होतं की वळणाने मला, हे अजून ठरलेलं नाही. दुसरं स्थळ कड्यावरचा पॉइंट. तिथून खाली पूर्ण गुजरात दिसतो असं सगळे सांगतात. मी पालथं पडून तिथपर्यंत सरकलो आणि डोळे मिटून तो पाहिला.

आता इतिहास. माझी झोप उडाली आहे ती याच्यामुळे.

गाव पूर्वी संस्थानात होतं. संस्थान विलीन झालं, पुढे राज्यं वेगळी झाली, आणि आमच्या घरामागच्या टेकाडावरून कुठूनतरी हद्द गेली. ‘कुठूनतरी’ म्हणजे कुठून, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवसाबाईंचं घर टेकाडाच्या अलीकडे, नागलीचं वावर अंगावर आलेलं, आणि परसात एक मोठा चौकोनी दगड. त्यावर मीना वर्षभर धुणं धुते आणि मी आंघोळ करतो. गेल्या आठवड्यात शेवाळावरून मीनाचा पाय घसरला, म्हणून तो दगड उलटा करून घ्यायचं ठरलं. दत्तूने आणि मी पहार घालून तो पालथा केला, तर खालच्या अंगाला कोरीव अक्षरं आणि आकडा. अक्षरं झिजलेली होती, पण सरकारी दिसत होती. (सरकारी अक्षर झिजलं तरी त्याचा ताठा जात नाही.)

नवसाबाईंना विचारलं. त्या निवांत म्हणाल्या, की त्यांच्या दादल्याने लग्नाच्या साली तो टेकाडावरून बैलांनी ओढत आणला होता, कारण नव्या नवरीला धुण्याला दगड पाहिजे. वर तो उभा होता, इथे त्याला आडवा केला. दत्तू म्हणाला, मग हा हद्दीचा दगड. एवढं बोलून तो जीप भरायला गेला, आणि जीप भरायला पाऊण तास लागतो, म्हणजे ही बातमी किती जणांनी ऐकली असेल ते तुम्हीच पाहा.

त्याच संध्याकाळी ग्रामसेवकाने दवंडी दिली. दोन्ही राज्यांचे मोजणीवाले मिळून हद्द तपासायला येणार आहेत. हद्दीचे दगड कुणी हलवले असतील तर त्याला शिक्षा आहे. भाऊ, ही दवंडी मी त्याच दगडावर, अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत ऐकली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चक्र चालू आहे. समजा हद्द घराच्या मधूनच निघाली, मागच्या खोल्या गुजरातेत. मग मी वर्षभर रोज रात्री खात्याच्या परवानगीशिवाय परराज्यात जाऊन झोपत होतो. मुख्यालयी राहण्याचा नियम आमच्याकडे किती कडक आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पोटासाठी ठेवलेली द्राक्षासवाची बाटली स्वयंपाकघरात आहे, म्हणजे दारूबंदीच्या हद्दीत. मीना म्हणते, बाटली पुढच्या खोलीत आण. मी आणली. मग वाटलं, ऐन धाडीच्या वेळी बाटली हलवणं हाच पुरावा. परत नेली. बाटलीने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलाय.

पण माझं सोडा. खरी भीती नवसाबाईंच्या घराची आहे. त्यांचा सातबारा इकडचा, रेशनकार्ड इकडचं, निराधार योजनेतलं नाव इकडचं. हे सगळं एका दगडाने पलीकडे गेलं तर? मी त्यांना हे समजावून सांगितलं आणि पस्तावलो, कारण तोवर त्या हसत होत्या. नागली निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

“आता या वयात मला नवीन तहसील नको, दादा,” त्या म्हणाल्या. “जुन्या तहसिलीतल्या शिपायाला मी जित्ती हाय हे पटवायला चार पावसाळे गेले. आता तिकडं जाऊन गुजरातीत जित्ती कशी होऊ?”

मग त्यांनीच तोड काढली. दगड गुपचूप होता तिथे नेऊन उभा करायचा. आम्ही दोघं टेकाडावर जागा पाहायला गेलो. त्यांनी एका झुडपाकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, नाय, त्या सागापाशी व्हता. साग तुटलेला, बुंधाही नाही. मग म्हणाल्या, तवा मी नवी नवरी, मान खाली, मी कुठं बघितलं? झुडपापाशी ठेवला तर घर गुजरातेत. सागापाशी ठेवला तर घर आपल्याकडे, पण पलीकडच्या पाड्यावरची विहीरही आपल्याकडे येते आणि ते लोक कुऱ्हाडी बाळगून असतात. माझ्या लक्षात आलं, की मी हात टेकवीन तिथे महाराष्ट्र संपणार. भाऊ, घरात कपाट कुठे ठेवायचं हेसुद्धा मीना ठरवते. मी पायातली चप्पल उलटी घालून खाली आलो.

तर अशा परिस्थितीत तुम्ही मुलाबाळांना घेऊन येणं बरं नाही. तुम्ही मोजणी खात्यातले, या भानगडीत तुमचं नाव यायला नको, एवढीच माझी तळमळ. आशाताईंना नमस्कार, मुलांच्या पाठीवरून हात फिरवावा.

आपला घाबरलेला पण नम्र,
भिमाजी

ता. क. – हे पत्र देणारा दत्तू सोबत एक गोणीही देईल. दोघांनी मिळून उतरवून घ्यावी, उघडू नये. परसात तुळशीमागे ठेवावी. तुमच्या नावासाठी माझी तळमळ आहे असं वर लिहिलं ते खरंच आहे, पण हद्दीचा हरवलेला दगड मोजणी खात्यातल्या माणसाच्या घरी असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. दगड नसला म्हणजे मोजणीवाले नवसाबाईंनाच विचारतील, आणि हद्द कुठे सांगायची ते त्यांनी पाठ केलंय.

दुसरा ता. क., १६ ऑक्टोबर – गोणी परवा गेली. पत्र माझ्या खिशातच राहिलं. तुमच्या दारात एक अनोळखी जीपवाला दगड टाकून काही न बोलता गेला असेल तर तो मी पाठवलेला आहे. घाबरू नका. मीनाची धुण्याची पंचाईत झाली म्हणून काल ती आणि नवसाबाई खालच्या ओहोळावर गेल्या आणि नवसाबाईंच्या पुतण्यांकरवी एक छान सपाट दगड उपटून आणला. घरात शांतता आहे.

तिसरा ता. क., १७ ऑक्टोबर – मोजणीवाले आज आले. मी धीर करून आमच्या बाजूच्या साहेबांना विचारलं, की एखाद्या नातेवाइकाकडे अमुक अक्षरांचा दगड असला तर? (नातेवाईक म्हणजे तुम्ही, नाव घेतलं नाही.) ते हसले. म्हणाले, तो संस्थानच्या काळचा कोसाचा दगड, वाटसरूंना अंतर कळावं म्हणून असायचा, आज त्याला कुणी विचारत नाही. हद्द टेकाडावरून जातच नाही. ती खालच्या ओहोळाने जाते. नवसाबाईंचं घर चांगलं अर्धा मैल आपल्या हद्दीत आहे. हे ऐकून नवसाबाईंनी साहेबांना आपल्या हाताने चहा दिला आणि पाठ केलेलं सगळं तरीही म्हणून दाखवलं, वाया जाऊ नये म्हणून.

मग साहेब सांगू लागले, की ओहोळावरचे बाकी दगड जागेवर आहेत. एकच नाही. तिथे ताजा खड्डा आहे. दगडावर बाणाची खूण असते, कुठे दिसला तर कळवा, पलीकडचे लोक फार चिडलेत.

त्यांचे पाय चिखलाने भरले होते. ते परसात गेले आणि मीनाच्या नव्या दगडावर उभे राहिले. मी तांब्याने पाणी ओतू लागलो. त्यांच्या पायांवरचा चिखल गेला, दगडावरचा चिखल गेला, आणि त्यांच्या दोन टाचांच्या मधे बाणाचं टोक दिसू लागलं. मी थांबलो. ते म्हणाले, “ओता की.” मी म्हणालो, पाणी संपलं. भरलेला हंडा माझ्या शेजारीच होता. त्यांनी हंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, डोंगरात पाण्याचे हाल आहेत खरे, आणि तसेच अर्धे धुतलेले पाय चपलांत घालून गेले. परवा पुन्हा यायचं आहे त्यांना.

नवसाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ठेवा की परत नेऊन, वढा तर जागचा हालला नाय. पण पुतणे आता ऊसतोडीला गेले, दत्तू नको (जीप भरायला पाऊण तास लागतो), आणि मी एकटा उचलायला गेलो तर दगड हलत नाही, मीच हलतो.

तेव्हा भाऊ, दिवाळीची वाट पाहू नका. हे पत्र मिळताच निघा. हवामान उत्तम आहे. घाट मुलांना आवडेल. येताना तुमची मोजणीची जुनी साखळी तेवढी आणा आणि ती खांद्यावर टाकूनच जीपमधून उतरा. साखळीवाला माणूस दगड घेऊन चालला असेल, तर दोन्ही राज्यांत त्याला कुणी अडवत नाही. मी मागून तांब्या घेऊन येईन.