उद्या मुलीला घरी न सोडण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बाल रुग्णालय.

विषय: माझ्या मुलीचा उद्याचा डिस्चार्ज थांबवण्याबाबत.
संदर्भ: परवा सकाळच्या राउंडला मिळालेली तोंडी सूचना.

महोदय,

मी खिडकीजवळच्या खाटेवरील चार वर्षांच्या मुलीची आई. तिच्या रक्तात शिसे सापडले असून, ते धरून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या कॅप्सूल चालू आहेत. त्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतो, तरी बिचारी नाक दाबून घेते. आता उतार आहे, उरलेल्या कॅप्सूल घरी द्या, असे सांगण्यात आले. घरी म्हणजे कुठे, हे आपल्या कानावर घालणे भाग आहे.

आमची खोली माझ्या मोठ्या दिरांच्या कारखान्यावरच आहे. खाली जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतात. माझे पतीही तिथेच कामाला आहेत. हे औषध चालू असताना नवे शिसे पोटात गेले तर उलट अपाय होतो, असे आपल्याच डॉक्टरांनी मला बजावले आहे. दिरांना सांगितले, तर म्हणाले, "पोरगी आली की जिन्याचं दार लावून घेऊ." धुराला कडी कळते का, महोदय?

पतींनी मात्र मनावर घेतले. लेक येणार म्हणून काल कोरड्या झाडूने छतापासून सगळी खोली झाडली. मी गेले तेव्हा दारात हसत उभे. "बघ, कशी लख्ख केली!" मी तिच्या उशीवरून हात फिरवला, तर तळवा करडा झाला. ती अजून अंगठा चोखते. त्यांना रागवायला माझी जीभ उचलली नाही.

खोली राहण्याजोगी नाही असा दाखला मागितला, तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, आम्ही पोरीचं रक्त तपासतो, भिंतींचं नाही." नगरपालिकेत गेले. तिथे उत्तर मिळाले की, मुलगी रुग्णालयात असल्याने सध्या खोलीत कोणी आजारी नाही, सबब पाहणी करता येत नाही. म्हणजे पाहणीसाठी तिला आधी तिथे नेऊन आजारी पाडावे लागेल.

खाटांची ओढाताण मला दिसते. खाट नको. दुसरी खोली मिळेपर्यंत व्हरांड्यात अंथरुणापुरती जागा द्यावी. मी पडेल ते काम करीन.

तिला डुलकी लागली आहे तेवढ्यात हे लिहीत आहे. घरी जायचे म्हणून ती चप्पल घालूनच झोपली आहे. मी नको म्हटले तर घरात कोणी ऐकणार नाही, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला ते म्हणवणारही नाही. कृपा करून आपण नाही म्हणावे.

आपली नम्र,
(सही)
मुलीची आई
दि. ९ ऑगस्ट