चंद्रीला कापलं न्हाई

भागवता,

रागातच, पण आशीर्वाद देते.

माजी चंद्री कोंबडी काल म्हातारपणानं मेली. शेवग्याखाली पुरली, वर हळद-कुंकू वाहिलं. गल्ली हसली, हसू दे.

दोन वर्साखाली आखाडात तू आलतास. पाव्हण्या भावाला कोंबडी कापायची रीत मोडून मी पिठलं वाढलं, तर तू ताटावरून उठलास. "भावापरीस कोंबडी मोठी झाली व्हय?" म्हणालास.

त्याच्या आदल्या वर्सी तुजे दाजी गेले, तवा तू फकस्त दहाव्याला आलास. त्यानंतर रोज माज्या पायाशी येऊन बसणारी ती एकटीच होती.

हे पत्र मी धाडणार न्हाई. तू पुन्ना आलास, तर तोंडावरच सांगीन: व्हय, मोठी होती. आता बस, पिठलं गरम हाय.

तुजी अक्का,
वनमाला, उमापूर