आधी बाहेरगावच्यांनी बोलावं

ईट, ता. भूम
३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोन मिनिटांत आटोपतं घेता, म्हणून पत्र. इकडे सगळे खुशाल. खाली रुद्रेशची खव्याची भट्टी पेटलेली असते आणि वरच्या खोलीत मी लॅपटॉपवरून पुण्याच्या ऑफिसात असते.

एक डिसेंबरला कंपनी ठरवणार आहे, की गावाहून काम करणाऱ्या आम्हा चौघांना कायमचं पुण्याला बोलवायचं की इथंच राहू द्यायचं. कामाची अडचण नाही. फाईल एकच, मी इथं ओळ लिहिली की तिथं त्यांना दिसते. अडचण मीटिंगची आहे. तिकडे दहाजण एका टेबलाभोवती बसतात. कॅमेरा छताजवळ, त्यामुळे मला नुसती टकलं दिसतात. बोलायचं असेल तर पडद्यावर हाताचं चित्र वर करायचं. मी करते, आणि ते चहा मागवतात. आता साहेबांचं मत झालंय की ईटची निकिता अबोल आहे, तिला ऑफिसात आणायला हवं. मी अबोल!

बाबा, भट्टी पुण्याला नेता येत नाही आणि मला इथून हलायचं नाही. मीटिंगमधून मध्येच उठावं लागलं तर सासूबाईंना आवाजाचं एक बटण शिकवून ठेवलंय. ते दाबून त्यांनी एवढंच सांगायचं की निकिता येतेय.

तब्येतीला जपा. राग असला तरी कळवा.

आपली निकिता

*

कळंब
६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. निकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. 

लहानपणी तुझी बडबड थांबावी म्हणून मी तुला पोस्टात नेऊन तिकिटं चिकटवायला बसवत असे. तुला अबोल म्हणणारा साहेब मला एकदा बघायचा आहे.

पण माझं ऐक. मी अडतीस वर्षं टपाल वाटलं. सकाळी हजेरीपुस्तकावर सही, मगच पिशवीला हात. खुर्चीत माणूस दिसला की साहेबाच्या ध्यानात राहतो. चित्रातला हात कोण बघणार? मुकाट्यानं पुण्याला जा. जावईबापू समजूतदार आहेत, शनिवारी येत जातील. माझी काळजी नको, मला एकटं राहायची सवय झाली आहे.

विहीणबाईंना नमस्कार. रागावलो नाही, एवढं समजून घे.

तुझा बाबा

*

ईट
१२ नोव्हेंबर २०२५

रा. रा. उत्तरेश्वरराव व्याही यांस,
कडूबाईचा हात जोडून नमस्कार. 

व्याहीबुवा, माझ्या हातून लई वंगाळ झालं. निकितानं कळवायच्या आधी म्याच कबूल करते.

काल मीटिंग चालू होती. म्या शेजारी तूर निवडत बसले होते. निकितानं चित्रातला हात वर केला, त्याला अर्धा तास झाला. तिकडं आपली हसाखिदळी. तेवढ्यात दुधाची गाडी आली, निकिता खाली गेली. म्या बटण दाबलं, ती येतेय म्हणून सांगितलं. तिथंच गप बसायचं की न्हाय? न्हाय बसले. साहेबाला म्हणले, आमच्याकडं पंगतीत वाढपी टोकापासून सुरू करतो, कारण जवळच्याला हाक मारून भाजी मागता येते, टोकाच्याला न्हाय. तुमी टोकाच्यांना उपाशी ठेवता अन् वर म्हणता ती जेवतच न्हाय.

साहेबानं विचारलं आपण कोण. म्या नाव सांगितलं, जेवण झालं का विचारलं, अन् भिऊन डबडं मिटून टाकलं.

निकिता वर आल्यावर म्या सगळं सांगितलं, तशी ती डोक्याला हात लावून बसली. लेकरू इथून गेलं तर माझ्या जिभेपायी जाईल. तुमी तिला समजवा, अन् मला काय बोलायचं ते बोला.

आपली विहीण
कडूबाई

*

ईट
१८ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. 

आम्ही पुण्याला जातोय! म्हणजे महिन्यातून दोनच दिवस. बाकी आम्ही चौघंही जिथं आहोत तिथंच.

साहेबांनी एक तारखेची वाटच पाहिली नाही. सगळ्यांना लेखी कळवलं: मीटिंगमध्ये आधी बाहेरगावच्यांनी बोलावं. ऑफिसातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवर, कानाला हेडफोन लावून बसावं, म्हणजे सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतील. चहाच्या वेळी काही ठरलं तर ते फाईलमध्ये लिहीपर्यंत ठरलं असं धरायचं नाही.

काल पहिलंच नाव माझं पुकारलं. तीन वर्षांचं साठलेलं बोलायचं होतं, आणि बाबा, मला एक शब्द सुचेना! सासूबाई मागून पाठीत बोटं टोचत होत्या. मग सुटले ते वीस मिनिटं. शेवटी साहेबच हात वर करून बसले.

सासूबाई त्या दिवसापासून नीट जेवल्या नव्हत्या. काल दोन भाकरी खाल्ल्या.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

आपली निकिता

*

कळंब
२१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. निकितास,
आशीर्वाद. 

विहीणबाईंना सांग, मी काहीही बोलणार नाही. बोलायला तोंड नाही.

तुला ‘जा’ लिहिलं त्याच दिवशी मी तुझ्या साहेबांनाही पत्र लिहिलं होतं, की माझ्या मुलीला पुण्यात खुर्ची द्या. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. रोज सकाळी पेटीपर्यंत जायचो आणि परत यायचो. ईटला मला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पुण्याला गेलीस तर मी तुला कधी बघणार, हाच विचार यायचा. अडतीस वर्षांत मी कुणाचं एक पत्र अडवलं नाही, पाऊस असो की ताप. हे एकच माझ्या खिशात राहिलं.

रविवारी दहाच्या एसटीनं येतोय. 

तुझा बाबा