टायरमधला कापूस

बाबा,

पत्र लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. मोजायला लागलो की माझंच वय समोर येतं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं हे लिहिणं आहे, पण तुला वाचताच येत नव्हतं, त्यामुळे चुका निघायची तेवढी भीती नाही. बाकी सगळ्याची आहे. काल नातवाने भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कात वळताना गाडी फुटपाथच्या कडेला घासली आणि मला खाली बोलावलं. आजोबा, तुम्ही ड्रायव्हर होता ना, बघा हा टायर चालेल का. मी वाकलो, बोट फिरवलं, गुडघे धरून उठलो आणि म्हटलं, बदल. तो हसायला लागला. म्हणाला, आई म्हणालीच होती, आजोबांना विचारू नकोस, ते हवा कमी असली तरी नवा टायर घ्यायला लावतील. त्याची आई म्हणजे माझी मुलगी. तिला यातलं काही माहीत नाही. मी वर आलो, ताट बाजूला सारलं. म्हणून लिहितोय.

इंग्रजांच्या त्या मोठ्या लढाईचे दिवस आठव. मी मिठागराच्या शेठची मोटार चालवायचो. गाडीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, पेट्रोल मोजून मिळायचं, आणि टायर तर परवान्याशिवाय बघायलाही मिळत नव्हता. त्या दिवशी वांद्र्याला समोरून लष्कराची लॉरी आली. रस्त्याला जागा भरपूर होती, शेठ मागून तसं म्हणालेही, पण मी घाबरून गाडी एवढी डावीकडे घेतली की मागचं चाक फुटपाथच्या दगडी कडेला घासत गेलं. मांजरपाट फाडल्यासारखा आवाज झाला. तो आवाज अजून येतो मला, कोणी चादर झटकली तरी.

गाडी रात्री आपल्याकडेच असायची, मुर्धा गावात, चिंचेखाली. सकाळी उजेडात बघितलं. टायरच्या बगलेत बोटभर चीर, रबराची साल लोंबतेय आणि आत एक पांढरी रेघ. स्टेशनजवळच्या पंक्चरवाल्याने मला शिकवून ठेवलं होतं: नुसतं रबर सोललं असेल तर खुशाल चालव, आतले सुताचे धागे तुटले असतील तर चालवू नको, आणि बगलेला फुगा आला तर त्या गाडीत बसूही नको. फुगा नव्हता. पण ती पांढरी रेघ कशाची? मिठागराच्या बांधावरून फिरणाऱ्या गाडीच्या भेगाभेगांत मीठ असतं. मी पाणी ओतलं, बोटाने घासलं. पांढरं कमी झालं, पण गेलं नाही. टायर उतरवून आतून हात घातला, तर नेमकं त्याच जागी पूर्वी कोणीतरी जुन्या टायरचा तुकडा चिकटवलेला. त्याखालचे धागे दिसेनात, काही कळेना. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.

तू होडीवरून आलास. अंगाला राळेचा वास, कमरेला छिन्नी. आपल्या आणि शेजारच्या राई गावातल्या सगळ्या होड्यांच्या फटी तूच भरायचास. चाकाकडे बघायच्या आधी तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "चीर टायरला हाय का तुज्या काळजाला, ते पयलं बघ."

मला राग आला नाही, बाबा. तेव्हाही नाही. कारण तेच मला कळत नव्हतं. लहानपणी होडीत बसायला घाबरायचो तेव्हा तू असंच विचारायचास, पाणी हलतंय का तू हलतोस. सगळी मुलं हसायची आणि मी खरंच विचार करत बसायचो.

त्याच दिवशी घरात तुझ्या सुनेला कळा लागल्या होत्या. दुपारी उत्तनची सुईण बाहेर आली, पदराला हात पुसत. सगळा गाव तिला मावशी म्हणायचा. तिने मला नाही, तुला सांगितलं. "मूल आडवं हाय. माज्या हातातलं काम न्हाय. मुंबयला न्या, आन लवकर न्या."

मी शेठकडे पळत गेलो. शेठ मनाने चांगला माणूस. गाडी ने, म्हणाला, विचारतो कशाला. मी टायरचं सांगितलं. तो म्हणाला, ते तू बघ ने, भाई. चालेल बोललास तर चालव, नाय बोललास तर गाडी विटांवर चढवू, परवाना येईल तेव्हा येईल. म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं. गाडी विटांवर गेली की माझं काम गेलं, ती गोष्ट वेगळीच. पण त्या वेळी मला एकच दिसत होतं. मुंबईच्या वाटेवरचा काशी-मिऱ्याच्या पुढचा उतार, मागच्या सीटवर ती आडवी, आणि खाली ते चाक.

परत आलो तर तू चाकाशी बसलेला. टायर नव्यासारखा. चीर नाहीच. मी बघतच राहिलो. मी गेल्यावर तू विचार केलास की पोराचा जीव या फटीत अडकलाय तर फट भरून टाकू. होडीच्या दोन फळ्यांमध्ये भरतोस तसा कापसाचा पीळ ठोकून ठोकून तू त्या चिरेत बसवला होतास आणि वरून राळ-तेल सारवलं होतंस. अंगठ्याने गुळगुळीत केलं होतंस. "बघ," म्हणालास, "पानी जानार न्हाय." चेहऱ्यावर केवढं समाधान होतं.

होडीची फट भरली की होडी बरी होते. टायरची भरली की तो आजारी आहे का तेच कळायचं बंद होतं. हे मी तुला कसंबसं सांगितलं. आतलं सूत तुटलंय का तेच बघायचं होतं, बाबा, आणि आता आत तुझंही सूत आहे. कापूस पांढरा, टायरचे धागेही पांढरे. मी ओरडलो नाही. माझा आवाज रडल्यासारखा येत होता, तो तू ओरडण्याइतकाच मनाला लावून घेतलास. तुझा चेहरा उतरला. मग तू छिन्नीच्या टोकाने राळ खरवडलीस आणि एकेक धागा ओढून काढायला लागलास.

तू डावखुरा. तुझा पीळ उलटा पडायचा, बाजूचे होडीवाले त्यावरून तुझी थट्टा करायचे. धागा काढायचास, बोटांत फिरवायचास, उलटा पीळ लागला की म्हणायचास, "ह्यो माजा," आणि मांडीवर ठेवायचास. घरातून तिच्या कण्हण्याचा आवाज येतोय, मावशी दारात उभी, मी तुझ्या खांद्यावरून वाकलेला. ह्यो माजा. ह्यो बी माजा. मांडीवर कापसाचा ढीग झाला. शेवटी चिरेच्या तळाशी थोडी लव राहिली, तुकडे तुकडे, पीळ नसलेली. ती तू दोन बोटांत धरलीस आणि बराच वेळ धरून राहिलास. मग हळू म्हणालास, "हे माजं न्हाय."

म्हणजे टायरचेच धागे तुटलेले होते. तू उठलास, म्हणालास, गाडी ऱ्हाऊ दे, भरती हाय, होडीने नेऊ. तिला गोधडीत घालून आपण खाडीवर नेलं. मला पाण्याचीही भीती, हे तुला काय सांगू. मी होडीच्या कडा घट्ट धरून बसलो तेव्हा तू वल्हवता वल्हवता म्हणालास, "पान्याचं मी बघतो. तू तिचा हात धर." मी धरला. भाईंदरच्या बंदरापासून खुर्चीत बसवून तिला स्टेशनात नेलं, तिथून मुंबईला. डॉक्टरांनी मूल फिरवलं. मुलगी झाली, तीच आता या नातवाची आई, दोघी वाचल्या. बारशाला तू पाळण्याच्या दोऱ्यांचा पीळ तपासून बघितलास.

इथवर तुला सगळं ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. लढाई संपायच्या आधीच तू गेलास. शेठने गाडी विटांवर चढवली, पण थोड्याच दिवसांत दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्याने त्या टायरच्या आत चामड्याचा एक तुकडा बसवला आणि गाडी बाहेर काढली. तो टायर चालला, बाबा. लढाई संपेपर्यंत चालला. मी तेव्हा मिठागरावर मुकादमाच्या हाताखाली होतो. तो ड्रायव्हर बांधाजवळ मुद्दाम गाडी हळू करायचा आणि म्हणायचा, "देख, तेरा मरा हुआ टायर अभी तक दौडता है." बाकीचे हसायचे. मीही हसायचो. पण मला हसू येत नव्हतं, मला तुझी ती दोन बोटं दिसत होती.

कारण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. "हे माजं न्हाय" म्हणालास तेव्हा तू बोटांतल्या कापसाकडे बघत नव्हतास. माझ्या तोंडाकडे बघत होतास. पीळच नसलेल्या तुकड्यात माणूस उलटा पीळ कसा ओळखणार? ती लव तुझ्याच कापसाची असेल, ठोकताना तुटलेली. टायर कदाचित धडधाकट असेल. आणि तुला दिसलं असेल की हा पोरगा त्या उतारावर घाबरत गाडी चालवणार, तर टायरपेक्षा याचीच भीती जास्त, आणि भीतीला एकदा तरी खरं म्हणावं. असं झालं असेल का?

मी घाबरलो आणि माझं घाबरणं बरोबर निघालं, असं आयुष्यात एकदाच झालं, तुझ्या त्या शब्दाने. त्याच्याच जोरावर मी पुढे सगळं आयुष्य घाबरत काढलं. गॅस बंद आहे का चारदा बघितलं, पोरांना पावसात बाहेर सोडलं नाही, चांगले टायर बदलायला लावले. लोक हसले की मनात म्हणायचो, बाबा म्हणाला होता, हे माजं न्हाय.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, टपालपेटीत तर नाहीच. तिकडे यायला मला आता फार वेळ लागणार नाही, तेव्हा समोरासमोर विचारता येईल असं कोणीही म्हणेल. पण तुझ्या तोंडाकडे बघून विचारायची माझी छाती नाही. म्हणून मी निघायच्या आधीच कळव. स्वप्नात सांग, कसंही सांग. एवढंच सांग की तो कापूस कोणाचा होता. तुझा असेल तरी चालेल. पण लवकर कळव.